चाळीस डॉलरचा गेको, पंधरा वर्षांचा हिशेब

मुलांना कुत्रा हवा असतो. घर अपार्टमेंटमधलं असतं, आईला केसांची ॲलर्जी असते आणि जानेवारीच्या बर्फात सकाळी सहाला फिरवायला कोण जाणार, या प्रश्नावर बाबा गप्प असतात. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत ही वाटाघाट शेवटी पेट स्टोअरच्या एका उबदार कोपऱ्यात येऊन थांबते. काचेमागे पिवळ्या अंगावर काळे ठिपके ल्यायलेला, चेहरा कायम हसरा वाटणारा लेपर्ड गेको बसलेला असतो. भुंकत नाही, केस गाळत नाही, दिवसभर झोपतो. पाटीवर किंमत असते तीस ते साठ डॉलरच्या मधली. भारतातून आलेली आजी ‘पाल काय पाळायची?’ म्हणून नाक मुरडते, पण एवढ्या पैशांत मुलगा खूश होत असेल तर हरकत काय, असं बाकीच्यांना वाटतं.

त्या पाटीवरच्या आकड्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. नीट सांभाळला तर हा प्राणी पंधरा ते वीस वर्षं जगतो. तेवढ्या काळाचा खर्च मांडला, तर प्रत्येक शंभर डॉलरांमागे जनावराची स्वतःची किंमत जेमतेम एक डॉलर भरते. उरलेले नव्याण्णव जातात काचेच्या घरात, उष्णतेत, किड्यांत आणि डॉक्टरकडे. खाली हाच हिशेब सुटा करून दिला आहे. दर अमेरिकेतले, विक्रीकर सोडून आणि अंदाजे आहेत. राज्य, दुकान आणि सेल यांनुसार ते वरखाली होतील.

आधी प्राणी ओळखा

लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, कोरड्या मुलखातला. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. महाराष्ट्राला तो अगदीच परका नाही. त्याच्या कुळातली एक जात सातपुड्यात सापडली आणि २०१४ साली तिला ‘सातपुराएन्सिस’ हे नाव मिळालं.

आपल्या घरातल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा तो बराच वेगळा आहे. पालीला पापण्या नसतात, याला असतात. याच्या बोटांना भिंतीला चिकटणारे पडदे नसतात, त्यामुळे तो काचेवर चढत नाही आणि छतावरून डोक्यात पडत नाही. तो विषारी नाही. पूर्ण वाढ झाल्यावर लांबी सात ते दहा इंच आणि वजन साधारण पंचेचाळीस ते ऐंशी ग्रॅम होतं. चरबी शेपटीत साठवतो, म्हणून शेपटीची जाडी हे त्याच्या तब्येतीचं पहिलं माप. घाबरला किंवा कोणी शेपटी धरली तर ती तोडून टाकतो. नवी येते, पण आखूड आणि बेढब.

संध्याकाळी आणि रात्री तो जागा असतो. शाळेतून आल्या आल्या खेळायला मिळेल अशी मुलांची समजूत असेल, तर ती खरेदीच्या आधीच दूर करा. कुत्र्यामांजरासारखी माया तो लावत नाही. फार तर तुमचा हात ओळखीचा मानून त्यावर शांत बसतो.

लेपर्ड की क्रेस्टेड?

पहिल्यांदा पाळणाऱ्यांना दोनच जाती सुचवाव्यात.

*लेपर्ड गेको*: कोरडं घर, खालून-वरून ऊब, जिवंत किडे. धीट, हळू चालणारा, हातावर घ्यायला सोपा.

*क्रेस्टेड गेको*: न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, नामशेष झाला असं मानलं गेलेला आणि १९९४ साली पुन्हा सापडलेला. झाडावर राहतो, म्हणून त्याला उभी टाकी लागते. १८ बाय १८ बाय २४ इंचांची पुरते. किंमत साधारण पन्नास ते दीडशे डॉलर. पाण्यात कालवून द्यायची फळांची तयार भुकटी हे त्याचं मुख्य अन्न. घरातलं बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर फॅरेनहाइट तापमान त्याला मानवतं, त्यामुळे दिव्यांचा खर्च वाचतो. पण पारा ब्याऐंशीच्या वर चढला की त्याला त्रास होऊ लागतो. टेक्सस किंवा ॲरिझोनात राहणाऱ्यांना उन्हाळ्यात घरी कोणी नसतानाही एसी चालू ठेवावा लागेल, आणि मग वाचलेले पैसे तिकडे जातील. रोज जाळीवर पाणी फवारणंही आलं. हा उड्या मारतो, आणि याची शेपूट एकदा तुटली की पुन्हा येत नाही.

टोके गेकोचा निळा-नारिंगी रंग पाहून मोहात पडू नका. तो कडकडून चावतो आणि सहज सोडत नाही. शिवाय २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. हिरवागार डे गेको दिसायला देखणा, पण हातात घेण्याजोगा नाही. त्याची नाजूक कातडी फाटते. यापुढचा हिशेब लेपर्ड गेकोचा आहे, कारण बहुतेक घरांत येतो तोच.

कुठून घ्यावा?

चार मार्ग आहेत.

*मोठी पेट स्टोअर:* तीस ते साठ डॉलर. सोय मोठी, माहिती कमी. जन्मतारीख, नर की मादी, आईवडील कोण, हे बहुधा सांगता येत नाही.

*ब्रीडर:* साध्या रंगाचा पन्नास ते दीडशे, दुर्मिळ रंगाचा दोनशेच्या पुढे. ऑनलाइन मागवला तर रातोरात पोचवण्याचे चाळीस-साठ डॉलर वेगळे. कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हाळ्यात चांगला ब्रीडर स्वतःच पाठवायला नकार देतो.

*रेप्टाइल एक्स्पो:* शिकागोजवळच्या टिन्ली पार्कला किंवा पेनसिल्व्हेनियातल्या हॅम्बर्गला भरतात तसे मेळे. जनावर हातात घेऊन बघता येतं, ब्रीडरशी बोलता येतं, भावही थोडा खाली येतो. पहिल्या फेरीत फक्त बघा. सगळं सामान घरी तयार नसेल, तर रिकाम्या हाताने परत या.

*दत्तक:* कॉलेजला गेलेल्या मुलांचे गेको मागे उरतात. शेल्टर, पेटफाइंडरसारखी संकेतस्थळं आणि शिकागो हर्पेटॉलॉजिकल सोसायटीसारख्या संस्था त्यांना नवं घर शोधून देतात. अनेकदा टाकी आणि दिव्यांसह सगळा संसार शंभर डॉलरच्या आत मिळतो. आमच्या मते पहिला शोध इथेच घ्यावा.

रंगांच्या बाबतीत दोन नावं लक्षात ठेवा आणि टाळा. ‘लेमन फ्रॉस्ट’ या लख्ख पिवळ्या-पांढऱ्या प्रकाराला त्वचेच्या रंगपेशींच्या गाठी होतात. ज्या जनुकामुळे हा रंग येतो त्याचाच गाठींशी संबंध असल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. ‘एनिग्मा’ प्रकारात मज्जासंस्थेचा दोष असतो. असे गेको गोलगोल फिरतात, मान तिरकी धरतात, भक्ष्यावर झडप चुकवतात. अल्बिनो चालतील, पण त्यांना प्रखर उजेड सोसत नाही.

दुकानात किंवा मेळ्यात जनावर हातात घेतलं की एवढं तपासा:

- शेपूट भरलेली, मुळाशी जवळपास मानेइतकी जाड असावी. काडीसारखी बारीक शेपूट हे क्रिप्टोस्पोरिडियममुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि तो दुसऱ्या गेकोंना लागतो.
- दोन्ही डोळे पूर्ण उघडे आणि स्वच्छ असावेत.
- सगळी बोटं शाबूत असावीत. जुनी कात अडकून राहिली की रक्तपुरवठा तुटतो आणि बोटं झडतात.
- चालताना पोट जमिनीवरून उचललं जावं. जबडा लिबलिबीत किंवा पाय वाकडे असतील, तर कॅल्शियमची कमतरता आहे.
- शेपटीखालची जागा स्वच्छ, कोरडी असावी.
- विक्रेत्याला समोर एक किडा खाऊ घालायला सांगा.

अगदी इवलंसं पिल्लू घेऊ नका. पंधरा ग्रॅमच्या पुढचं, नियमित खाणारं जनावर नवशिक्याच्या हातून सहज तगतं. आणि एकच घ्या. ‘त्याला सोबत हवी’ ही माणसाची कल्पना आहे. दोन नर एकमेकांना फाडतात, आणि दोन माद्यांतही दांडगी असेल ती दुसरीला उपाशी ठेवते.

घराचा करारही काढून वाचा. काही अपार्टमेंटांत सरपटणारे प्राणी चालत नाहीत. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर परवान्याचे नियम असतात. हवाईत मात्र प्रश्नच नाही. तिथे लेपर्ड गेको बाळगणं बेकायदा आहे, आणि बंदी असलेल्या प्राण्यांसाठी दंड दोन लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

घर उभारायचा खर्च

पहिला आकडा काटकसरीचा, दुसरा ऐसपैस.

- टाकी, ३६ बाय १८ इंच तळाची: जुनी ७५, नवी समोरून उघडणारी २२० डॉलर
- दिव्याची टोपी आणि बल्ब: ३५ / ६०
- थर्मोस्टॅट: ३५ / ९०
- डिजिटल थर्मामीटर, आर्द्रतामापक, ग्रॅममधला काटा: २५ / ४०
- यूव्हीबी ट्यूब आणि पट्टी: ० / ७०
- लपायच्या तीन जागा, फांद्या, पाण्याची वाटी: १५ / ७०
- तळाची फरशी किंवा माती: १५ / ३०
- कॅल्शियम, जीवनसत्त्वांची भुकटी, चिमटा: २५ / ३०
- पहिली वैद्यकीय तपासणी, विष्ठेच्या चाचणीसह: १२० / १६०
- गेको: ४० / १००

बेरीज काटकसरीत ३८५ डॉलर, ऐसपैस ८७० डॉलर.

जुन्या पुस्तकांत आणि दुकानांत वीस गॅलनची टाकी पुरेशी म्हणतात. ती पिल्लाला पुरते. मोठ्या गेकोला एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा आणि मध्ये चालायला जागा हवी असते. हा फरक लहान टाकीत साधत नाही, सगळी टाकी एकसारखी तापते. म्हणून आधी वीस आणि वर्षाने चाळीस गॅलन असं दोनदा विकत घेण्यापेक्षा एकदाच मोठी घ्या. पिल्लासाठी आतल्या लपायच्या जागा वाढवल्या की झालं.

कुठे हात आखडावा, कुठे नाही

*स्टार्टर किट घेऊ नका.* शंभर-दीडशे डॉलरच्या त्या खोक्यात लहान टाकी, लाल बल्ब, काचेवर चिकटवायचं काट्याच्या तबकडीचं थर्मामीटर आणि कधी कधी रंगीत वाळूची पिशवी असते. थर्मोस्टॅट बहुधा नसतो. सहा महिन्यांत यातलं निम्मं सामान कपाटात जातं.

*थर्मोस्टॅटवर तडजोड नको.* थर्मोस्टॅटशिवाय जोडलेली हीट मॅट पोट भाजते, आणि गेको चटका बसत असतानाही वेळेवर उठत नाही. मॅटसाठी चालू-बंद करणारा साधा थर्मोस्टॅट चालतो. दिव्याला मंद-तीव्र करणारा लागतो, नाहीतर बल्ब सारखा लुकलुकतो. आत ठेवायचे विजेचे ‘गरम दगड’ मुळीच नकोत. लक्ष्य असं ठेवा: दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग नव्वद ते चौऱ्याण्णव फॅरेनहाइट, गार टोक सत्तर ते सत्त्याहत्तर. रात्री दिवा बंद, खोली पासष्टच्या खाली जात नसेल तर वेगळी ऊब नको. लाल-निळ्या ‘नाइट बल्ब’चे पैसे वाचवा.

*बल्ब हार्डवेअरच्या दुकानातून घ्या.* सरड्याचं चित्र असलेल्या खोक्यातला आणि होम डेपोतला हॅलोजन फ्लड बल्ब काम तेच करतात; दुसऱ्याला पैसे बरेच कमी पडतात. टोपी मात्र सिरॅमिक होल्डरची हवी, प्लॅस्टिक वितळतं.

*वाळू घेऊ नका.* ‘कॅल्शियम सँड’ तर नाहीच. जनावर ती चाटतं आणि आतडं तुंबतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने पेपर टॉवेल अंथरा, म्हणजे विष्ठा दिसते आणि आजार लवकर कळतो. नंतर खडबडीत फरशी किंवा माती-वाळूचं घट्ट दाबलेलं मिश्रण वापरा.

*लपायच्या जागा घरी करा.* गरम टोकाला एक, गार टोकाला एक आणि मध्ये एक ओलसर. दुकानात यातली प्रत्येक दहा-पंधरा डॉलरला पडते. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला बाजूने दार कापा, कडा घासून गुळगुळीत करा, आत ओला पेपर टॉवेल किंवा मॉस ठेवा. ओलसर बीळ तयार. टाकीतली एकूण आर्द्रता तीस-चाळीस टक्के ठेवायची, पण कात टाकताना त्याला ही ओल लागतेच. नारळाची मोठी, साफ केलेली करवंटी पालथी घातली की पिल्लाचं घर झालं.

*यूव्हीबी घ्यायची की नाही?* डी-३ मिसळलेलं कॅल्शियम शिस्तीने दिलं तर यूव्हीबीशिवायही गेको वाढतात. हल्ली मंद यूव्हीबी द्यावी असाच कल आहे, कारण भुकटीचं प्रमाण चुकलं तर ती आधार ठरते. घेतलीत तर दर वर्षी ट्यूब बदला. डोळ्यांना उजेड दिसत राहतो, पण अतिनील किरणं कमी होत जातात.

दर वर्षी किती?

- किडे: १२० / २४० डॉलर
- कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं: २० / ३०
- वीज: ४० / ७५
- बल्ब, ट्यूब: १५ / ५०
- तळाचं सामान, पेपर टॉवेल: १५ / ३५
- वार्षिक तपासणी: ८० / १३०

एकूण २९० ते ५६० डॉलर, म्हणजे महिन्याला चोवीस ते सत्तेचाळीस.

विजेचा आकडा स्वतःच्या बिलावरून काढून बघा. पंचाहत्तर वॅटचा बल्ब रोज बारा तास जळला तर दिवसाला ०.९ युनिट, वर्षाला सुमारे ३२८ युनिट होतात. युनिटला सतरा सेंट धरले तर छप्पन डॉलर. थर्मोस्टॅट बल्ब मंद करतो, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी. चोवीस वॅटच्या यूव्हीबीचे आणखी अठरा डॉलर. कॅलिफोर्नियात वीज जवळपास दुप्पट महाग, तिथे हीच रक्कम दुप्पट धरा.

आता पंधरा वर्षांची बेरीज. काटकसरीत ३८५ अधिक ४,३५०, म्हणजे ४,७३५ डॉलर. ऐसपैस ८७० अधिक ८,४००, म्हणजे ९,२७० डॉलर. यात महागाई, आजारपण आणि भारतवारी धरलेली नाही. चाळीस डॉलरच्या जनावराचा वाटा शंभरात एकसुद्धा भरत नाही. म्हणून जनावर घेताना वीस डॉलर वाचवायला आजारी दिसणारं पिल्लू उचलण्यात काही अर्थ नाही.

जिवंत किडे आणि शाकाहारी घर

हा मुद्दा मराठी घरांत सगळ्यांत उशिरा निघतो आणि सगळ्यांत जास्त भांडणं लावतो. लेपर्ड गेको फक्त किडे खातो. भाजी, फळं, पनीर त्याला पचत नाही. त्याला शाकाहारी करता येत नाही, आणि तसा प्रयत्न म्हणजे उपासमार.

पर्याय असे. *रातकिडे* पोषणाला चांगले, पण ओरडतात, वास येतो आणि डब्यातून निसटून सोफ्याखाली गातात. *मीलवर्म* आवाज करत नाहीत आणि फ्रिजमध्ये कित्येक आठवडे टिकतात. पण त्यांचा डबा कोथिंबिरीशेजारी दिसणार, याला घरात सगळ्यांची संमती हवी. ती नसेल तर गराजमधला छोटा फ्रिज बघा, किंवा *ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या* आणा. त्या लहान, शांत असतात, बाहेरच राहतात आणि त्यांच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. *ड्युबिया झुरळं* उत्तम अन्न आहेत, काचेवर चढत नाहीत, वासही नाही. पण झुरळं विकत आणायची म्हटल्यावर घरात काय होईल ते तुम्हीच जाणता.

घरात हे कुणालाच नको असेल, तर क्रेस्टेड गेको घ्या. त्याच्या तयार भुकट्यांपैकी काहींत किड्यांचं पीठ असतं, काहींत नसतं. पाकिटावरची यादी वाचा.

किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी द्यावा. देण्यापूर्वी चोवीस तास किड्यांना गाजर, हिरवा पाला, ओट्स खाऊ घाला. त्यांच्या पोटात जे असेल तेच गेकोच्या पोटात जातं. मग कॅल्शियम भुरभुरवा. रात्रभर उरलेले रातकिडे टाकीत ठेवू नका, ते झोपलेल्या गेकोला कुरतडतात.

अंगणातले किडे फुकट दिसतात, पण लॉनवर फवारलेलं औषध त्यांच्याबरोबर येतं. आणि जूनच्या संध्याकाळी न्यू जर्सीपासून इलिनॉयपर्यंत लुकलुकणारे काजवे तर अजिबात नकोत. अमेरिकेतल्या काजव्यांत असं विष असतं की एका काजव्यानेही असा प्राणी दगावू शकतो. मुलांना ही एक गोष्ट नीट बजावून ठेवा.

डॉक्टर, आजारपण, साबण

कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर गेको तपासत नाही. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड ॲम्फिबियन व्हेटेरिनेरियन्स या संस्थेच्या यादीतून जवळचा डॉक्टर जनावर घेण्यापूर्वीच शोधा. साधी तपासणी पंचाहत्तर ते सव्वाशे डॉलर, विष्ठेची चाचणी तीस ते साठ. रात्री-बेरात्री इमर्जन्सीत गेलात तर दाराशीच दीडशे ते तीनशे, औषधं आणि एक्स-रे वेगळे. मादी नराशिवायही अंडी धरते, आणि ती अडकली तर शस्त्रक्रियेचं बिल हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जाऊ शकतं. म्हणून तीनशे-पाचशे डॉलर बाजूला ठेवल्याशिवाय पाळू नका.

बहुतेक आजार वजनात आधी दिसतात. दर रविवारी काट्यावर ठेवा आणि वहीत आकडा लिहा. वजन दहा टक्क्यांनी घटलं, दोन आठवडे खाणं बंद राहिलं किंवा बोटांवर जुनी कात दिसली, तर वाट बघू नका. बोटांवरची कात कोमट पाण्याच्या ओल्या फडक्यात पाय ठेवून, कापसाच्या काडीने हळू सुटते. ओढून काढायची नाही.

साल्मोनेला हा खर्चाच्या यादीत नसलेला धोका. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या विष्ठेतूनही हे जंतू येतात. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या पुढची माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी घरात असतील तर सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असं अमेरिकेच्या सीडीसीचं म्हणणं आहे. सहा महिन्यांसाठी आजी-आजोबा येणार असतील, किंवा धाकटं रांगत असेल, तर हा विचार आधी करा. गेको असेलच, तर हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याला तोंडाजवळ न्यायचं नाही, आणि वाटी-टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच धुवायची नाही.

भारतात जाताना

पेट स्टोअरमधला माणूस हा खर्च सांगत नाही, कारण त्याची सुट्टी एका आठवड्याची असते. आपली चार-पाच आठवड्यांची. धडधाकट मोठा गेको पाणी आणि ऊब असेल तर एक आठवडा उपाशी राहू शकतो. महिना नाही. पिल्लाला तर आठवडाही नाही.

दिवे टायमरवर लावा आणि आठवड्यातून दोनदा येणारा माणूस ठरवा. पैसे देऊन माणूस लावला तर एका खेपेचे पंधरा-पंचवीस डॉलर, म्हणजे पाच आठवड्यांत दीडशे ते अडीचशे. काही रेप्टाइल दुकानं आणि दवाखाने दिवसाच्या भाड्याने ठेवून घेतात. दिवसाला दहा डॉलर धरले तरी साडेतीनशे होतात. मराठी मंडळातल्या एखाद्या कुटुंबाशी अदलाबदल जमली तर उत्तम, पण ते किडे हाताळतील ना, हे तिकिटं काढण्याआधी विचारा. त्यांच्यासाठी एका कागदावर लिहून ठेवा: कोणत्या वारी किती किडे, थर्मोस्टॅटचा आकडा किती, डॉक्टरचा फोन, आणि किती खर्चापर्यंत तुम्हाला न विचारता उपचार करायचे.

कायमचं भारतात परतायचं असेल तर गेको बॅगेतून नेता येत नाही. परदेशी जिवंत प्राणी आणायला परवाने लागतात, आणि मुंबई विमानतळावर असे सरडे-साप कस्टम्सने जप्त केल्याच्या बातम्या येतच असतात. त्याच्यासाठी अमेरिकेतच घर शोधावं लागेल. आणि पाळलेला प्राणी मागच्या अंगणात सोडून देणं हा पर्याय नाही. अमेरिकेच्या बहुतेक भागात पहिल्याच हिवाळ्यात तो मरतो.

खरेदी या क्रमाने करा

१. घराचा करार, राज्याचे नियम, जवळचा डॉक्टर. खर्च शून्य.
२. टाकी, दिवा, थर्मोस्टॅट, थर्मामीटर. जुनी टाकी असेल तर सौम्य ब्लीचच्या पाण्याने धुऊन नीट वाळवा.
३. रिकामी टाकी दोन आठवडे चालवा. मुलाला सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचं तापमान वहीत लिहायला लावा. तापमान स्थिरावतं का हे कळतं, आणि मुलाचा उत्साह टिकतो का हेही.
४. किडे आणा आणि आठवडाभर सांभाळा. या पायरीवर घरातलं कोणी माघार घेणार असेल, तर आत्ताच घेऊ दे.
५. शेवटी गेको. आणल्यावर पहिले एक-दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. खातो का, विष्ठा करतो का, एवढंच बघायचं. मग पहिली तपासणी.

तिसऱ्या पायरीची वही चार दिवसांत कोरी राहू लागली, तर टाकी विकून टाका. जुन्या टाकीचे पैसे बहुतेक परत मिळतात, गेकोचे नाही. वही भरत राहिली, तरी एक प्रश्न आईबाबांनी स्वतःला विचारायचा उरतो. आज नऊ वर्षांचं मूल अठराव्या वर्षी कॉलेजच्या डॉर्ममध्ये जाईल, तेव्हा गेको जेमतेम मध्यमवयीन असेल. पुढची सहा-दहा वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री मीलवर्मचा डबा उघडणारा हात तुमचा असेल. तो तुम्हाला उघडायचा असेल तर जरूर घ्या. नसेल, तर दहा-बारा वर्षांचा, कोणीतरी मागे ठेवलेला गेको दत्तक घ्या. टाकी बहुधा त्याच्याबरोबरच येते, आणि तुमचं मूल घरात आहे तोवरच त्याचं उरलेलं आयुष्य पुरं होतं.